लिफ्टचं ड्रॉइंग कुठंय? वाचकांचे प्रश्न, लिफ्टवाल्या काकांची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या लिफ्टच्या कागदपत्रांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला. बहुतेक सगळी रिलेवाल्या लिफ्टची (रिले म्हणजे करंटने चालू-बंद होणारा स्विच), म्हणजे मशीनरूममध्ये गोदरेजच्या कपाटाएवढं पॅनल आणि लिफ्ट निघाली की आत खटाक-खटाक. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

काका, आमची बिल्डिंग पाच मजली, लिफ्ट १९७४ ची, जाळीच्या दरवाज्याची. बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. नवीन एएमसीवाल्याचा, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार घेतलेल्याचा, पोरगा येतो, मोबाईलवर कुठली तरी पीडीएफ उघडतो आणि ती बघून पॅनलमध्ये हात घालतो. विचारलं तर म्हणतो सेम मॉडेल आहे. आम्हाला त्यातलं काही कळत नाही, पण चालवून घ्यावं का?
— सेक्रेटरी, गिरगाव

चालवून घेऊ नका. "सेम मॉडेल" या दोन शब्दांनी मला आयुष्यभर छळलंय. लिफ्ट म्हणजे काय दुकानातून आणलेला मिक्सर नव्हे, की या घरातला आणि त्या घरातला सारखाच. एकाच मॉडेलची लिफ्ट एका ठिकाणी पाच मजल्यांची असते, दुसरीकडे आठ, कुठे जाळीचा दरवाजा तर कुठे ऑटोमॅटिक, कुठे एका वेळी एकच कॉल घेणारी तर कुठे येता-जाता सगळ्यांना उचलणारी, आणि यातलं काहीही बदललं की आतलं वायरिंग बदलतं. म्हणून त्या काळी प्रत्येक कामाला जॉब नंबर असायचा आणि ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात चौकटीत जॉब नंबर, ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि तारीख लिहिलेली असायची. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला किंवा मशीनवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर तोच जॉब नंबर सापडायला हवा. त्या पोराला एवढंच विचारा, की बाबा तुझ्या पीडीएफमधली ती चौकट दाखव. नव्वद टक्के वेळा चौकट कापलेली असते, कुणीतरी कुणाला तरी पाठवलेला फोटो असतो तो.

रिव्हिजनचं एक सांगतो, म्हणजे मी उगाच घाबरवतोय असं वाटायला नको. एका जागी आमच्याकडे रिव्हिजन बी ची शीट होती आणि पॅनल होतं सी चं. बी मध्ये टर्मिनल १४ आणि १५ वर अलार्मची घंटी, सी मध्ये कुणीतरी पट्टी पुढे सरकवली आणि त्याच १४-१५ वर लँडिंग दरवाज्यांच्या, म्हणजे मजल्यांवरच्या दरवाज्यांच्या, लॉकची लाईन आली, जी सगळे दरवाजे बंद असले तरच लिफ्ट निघू देते. आमच्या मेकॅनिकला घंटी वाजते का बघायची होती, त्याने शीट बघून १४-१५ शॉर्ट केलं. घंटी काही वाजली नाही. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर हेल्पर दरवाजा उघडा धरून कारच्या, म्हणजे लिफ्टच्या डब्याच्या, छताकडे वाकून बघत होता, खालून कुणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट निघाली. पोरगा मागे पडला म्हणून वाचला, पुढे पडला असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. शीट खरीच होती हो, कंपनीचीच, शिक्क्याची. फक्त त्या लिफ्टची नव्हती.

आता मूळ ड्रॉइंग शोधायचं कुठे. आधी मशीनरूम, पॅनलच्या मागे आणि वर, तिथे गुंडाळी करून ठेवायची पद्धत होती. मग जुन्या सेक्रेटरींचा माळा. मग आधीच्या एएमसीवाल्यांकडे लेखी मागणी. लिफ्टच्या लायसन्सची जुनी फाईल असेल तर तीही काढा, तिच्यात सर्किट असेलच असं नाही पण जॉब नंबर तरी मिळतो. काहीच मिळालं नाही तर पॅनलवरून ड्रॉइंग काढून घ्यायचं, म्हणजे जाणत्या माणसाने मेन बंद करून, कुलूप लावून, एकेक वायर मीटरने तपासत नवीन कागद तयार करायचा. दोन-तीन दिवस लिफ्ट बंद राहते, लोक बोंबलतात, पैसेही लागतात. पण ते झालं की तुमच्याकडे तुमच्याच लिफ्टचा कागद असतो.

की सरळ नवीन पॅनल बसवावं? बसवा ना. रिले मिळेनासे झाले असतील तर बसवाच. पण नवीन चकचकीत पॅनल आणि दरवाज्यांची लॉकं मात्र तीच घासलेली, हा प्रकार मला अजिबात पटत नाही, आणि अर्ध्या मुंबईत हेच चाललंय. आणि असा बदल परवानगी घेऊनच करायचा. १९३९ च्या बॉम्बे लिफ्ट्स अ‍ॅक्टपासून हे चालत आलंय, आता २०१७ चा नवीन कायदा आहे, त्यामुळे "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची सोय नाही.

काका, मी स्वतः लिफ्ट लाईनमध्ये आहे, चार वर्षं झाली. एका जुन्या जॉबवर ड्रॉइंग ओरिजिनल आहे, जॉब नंबर मॅच होतो, तरी पॅनलमध्ये सात-आठ ठिकाणी वायरिंग वेगळं आहे. अशा वेळी कागदाला खरं मानायचं का पॅनलला?
— मेकॅनिक, ठाणे

या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे फरक खरंच आहे का ते बघ. ड्रॉइंगमधले सगळे रिले करंट नसतानाच्या अवस्थेत काढलेले असतात. तू सप्लाय चालू असताना बघत असशील तर उघडा कॉन्टॅक्ट बंद दिसणारच, त्याला फरक म्हणत नाहीत. लिमिट स्विच आणि दरवाज्याचे कॉन्टॅक्ट कुठल्या अवस्थेत काढलेत, म्हणजे लिफ्ट तळमजल्यावर उभी आहे का, दरवाजे बंद धरलेत का, हे पहिल्या पानावरच्या खुणांच्या यादीत लिहिलेलं असतं आणि ते पान कुणीही वाचत नाही. ते आधी वाच.

त्यानंतरही फरक उरला तर कुणालाच खरं मानू नकोस, ना कागदाला ना पॅनलला. प्रत्येक फरकामागे कुणाचा तरी हात आहे. कधी तो शहाणा माणूस असतो, कंपनीनेच नंतर सुधारणा केलेली असते आणि कागदावर चढवायची राहिलेली असते. कधी तो तुझ्यामाझ्यासारखा रात्री अकरा वाजता घरी जायची घाई असलेला माणूस असतो.

माझ्या बघण्यातली केस. सात मजली बिल्डिंग, पावसाळ्यात कंट्रोलचा फ्यूज उडायचा, फक्त पावसाळ्यात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तर पाऊस धो धो आणि फ्यूज शाबूत, सोसायटी खूश, म्हणे आधीच्या मेकॅनिकने गेल्या वर्षी कायमचा बंदोबस्त केला. ड्रॉइंग उघडलं तर कंट्रोल ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला अर्थची बारीक खूण, तीन आडव्या रेघा, पेन्सिलीच्या टोकाएवढी. पॅनलमध्ये त्या टर्मिनलवर गेलो तर वायरच नाही. स्क्रू नुसता घट्ट बसवलेला, बाकी सगळ्या स्क्रूंवर धुळीचा थर आणि हा एकटा चकाकतोय.

हा झाला त्याचा कायमचा बंदोबस्त. आता तो अर्थ तिथे का असतो ते नीट समजून घे. कंट्रोलची एक बाजू अर्थ केलेली असली आणि लॉकच्या लाईनची वायर कुठे सोलली जाऊन लोखंडाला लागली, की फ्यूज उडतो आणि लिफ्ट उभी राहते. वैताग येतो, पण माणूस जिवंत राहतो. अर्थ काढून टाकला की वायर लोखंडाला लागली तरी काहीच होत नाही, कुणाला पत्ताही लागत नाही. मग सहा महिन्यांनी दुसरीकडे, लॉकच्या साखळीच्या पलीकडच्या बाजूला, अजून एक वायर लोखंडाला लागते, आणि आता करंट लॉकमधून न जाता बिल्डिंगच्या लोखंडातून वळसा घालून थेट कॉन्टॅक्टरला, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचला, पोहोचतो. दरवाजा सताड उघडा आणि पॅनलच्या मते सगळे दरवाजे बंद.

आम्ही शाफ्टमधून येणारी लॉकची लाईन दोन्ही टोकांनी सोडवून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, रिडिंग जवळजवळ शून्य. चौथ्या मजल्याच्या लॉकपाशी पावसाचं पाणी भिंतीवरून उतरत होतं आणि वायरचं रबर हाताने चुरा होत होतं. म्हणजे पहिला दोष आधीच होऊन बसलेला, दुसऱ्याची वाट बघत होतो. (मेगर लावताना रेक्टिफायर आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड आधी वेगळं कर, ५०० व्होल्टने ते उडतं, हे तुला माहीत असेल, पण माझ्याकडून एकदा झालंय म्हणून सांगतो.)

तर तुझे सात-आठ फरक. प्रत्येकाचा फोटो काढ, ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर, ओरिजिनलवर नव्हे, लाल पेनने नोंद कर आणि एकच प्रश्न विचार, की हा बदल सेफ्टीच्या साखळीत येतो का. म्हणजे लँडिंग लॉक, कार गेट, गव्हर्नरचा (स्पीड वाढला की ट्रिप होणारा) स्विच, सेफ्टी गिअरचा (डबा रुळांना पकडून धरणारा) स्विच, फायनल लिमिट, पिटमधला आणि कार टॉपवरचा स्टॉप, ब्रेक, अप-डाऊन कॉन्टॅक्टरचं एकमेकांशी असलेलं इंटरलॉक. यातल्या कशाला हात लागलेला असेल आणि कारण समजत नसेल तर लिफ्ट बंद ठेव आणि सिनियरला बोलाव, चिडले तर चिडू देत. पंख्याची नाहीतर इंडिकेटरची वायर बदललेली असेल तर नोंद करून पुढे जा.

आणि एक चूक मी खूप पोरांना करताना बघितलीय: ड्रॉइंगप्रमाणे पॅनल एका दमात "सुधारायला" घेतात. आठ वायरी एकदम हलवल्या आणि लिफ्ट चालली नाही तर कुठल्या वायरीमुळे ते कसं शोधणार? एक बदल, एक टेस्ट, एक सही. शेवटी प्रत्येक मजल्याचं लॉक एकेक करून उघडं ठेवून लिफ्ट निघत नाही हे बघायचं, झाडून सगळ्या मजल्यांवर, दोन बघितले आणि बाकीचे गृहीत धरले असं नाही. जम्पर, म्हणजे दोन टर्मिनल तात्पुरते जोडणाऱ्या वायरी, वापरलेच तर लांब, भडक रंगाचे, नंबर लावलेले वापर, पॅनलमध्ये जाताना किती होते आणि निघताना पिशवीत किती आले ते मोज. काळ्या वायरचा इंचभर तुकडा हा जम्पर नाही, तो आत राहून जातो.

काका, आमच्या लिफ्टचा ब्रेकचा कॉन्टॅक्टर सारखा जळायचा, ठिणग्या उडायच्या. मेकॅनिकने एक छोटा डायोड लावला, ठिणग्या बंद झाल्या. पण आता लिफ्ट मजल्यापेक्षा दोन-तीन इंच पुढे जाऊन थांबते, आई दोनदा अडखळली. याचा त्याच्याशी संबंध असेल का?
— सभासद, नाशिक

आहे, थेट संबंध आहे. ब्रेकची कॉइल डीसीवर चालते, करंट असेपर्यंत ती ब्रेक उघडा धरते, करंट गेला की ब्रेक बसतो. सप्लाय तोडला की कॉइलमधला साठलेला करंट कुठे तरी जायला बघतो, त्याची ती ठिणगी. नुसता डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आडवा लावला की त्या करंटला गोल फिरायला वाट मिळते, ठिणगी थांबते, पण कॉइलमधली ओढ हळूहळू मरते आणि तेवढा वेळ ब्रेक उघडाच राहतो. तेच तुमचे दोन-तीन इंच. बनवणाऱ्याने तिथे बहुधा रेझिस्टन्स ठेवलेला असतो आणि त्याची किंमत ड्रॉइंगवर ओहममध्ये लिहिलेली असते, तो जळला असेल तर तोच परत बसवायचा.

आणि तो कॉन्टॅक्टर का जळत होता हेही बघायला सांगा. बाजारातून "सेम अँपिअर" म्हणून आणलेला असेल तर त्याच्यावरचं रेटिंग एसीचं असतं. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझते, डीसीचा येत नाही, तो जळतच राहतो आणि एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटतो. चिकटला की ब्रेक बसण्याचा भरवसाच गेला. कॉन्टॅक्टर बदलताना कॉइलचं व्होल्टेज, एसी की डीसी, लोडचा प्रकार आणि किती कॉन्टॅक्ट उघडे-बंद, हे चारही जुन्या शीटशी जुळवून मगच घ्यायचं. तोपर्यंत आईंना जिन्याने पाठवू नका म्हणणार होतो, पण खरं तर जिनाच बरा.

काका, गेल्या आठवड्यात मी लिफ्टमधून बाहेर पडत होते आणि दरवाजा उघडा असतानाच लिफ्ट वीतभर वर सरकली. मेकॅनिक येऊन गेला, म्हणाला अ‍ॅडजस्ट केलंय, आता प्रॉब्लेम नाही. कमिटीही गप्प. मी उगाच घाबरतेय का?
— एक रहिवासी, कोथरूड

ताई, मासिक हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला आधीच फोनवर कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी लिहितो. दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलली तर त्याच क्षणी मेन बंद. "अ‍ॅडजस्ट केलं" म्हणजे नक्की काय केलं, कुठला स्क्रू किती फिरवला, कुठल्या मापावर आणला, हे लिहून मागा.

३ जून २००६ ला टोकियोच्या मिनातो भागातल्या एका बिल्डिंगमध्ये सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा बाराव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडत होता, सोबत सायकल होती. दरवाजे उघडे असतानाच लिफ्ट वर निघाली आणि तो अडकून गेला. चौकशीत ब्रेकचं लायनिंग झिजलेलं सापडलं, ब्रेकच्या कॉइलमध्ये बिघाड होता, त्यामुळे ब्रेक पूर्ण उघडत नव्हता आणि घासत घासत झिजत होता. आणि यातली आपल्यासाठीची गोष्ट अशी, की त्या लिफ्टची देखभाल मधल्या काळात एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती आणि त्या ब्रेकची देखभाल कशी करायची याची माहिती काही नीट पुढे पोहोचली नव्हती. एवढ्या शिस्तीच्या देशात. त्यानंतर २००९ पासून जपानमध्ये नव्या लिफ्टना दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलली तर थांबवणारी वेगळी यंत्रणा सक्तीची झाली.

तुमच्या जुन्या लिफ्टमध्ये अशी यंत्रणा नसणार. म्हणजे सगळा भार ब्रेकवर आणि लॉकच्या साखळीवर. ब्रेकच्या फटीचं माप, लायनिंग किती जाड उरलं की बदलायचं, स्प्रिंग किती आवळायची, हे त्या मशीनच्या शीटवर असतं, दुसऱ्या मशीनचं माप चालत नाही. कमिटी गप्प असेल तर लिफ्ट इन्स्पेक्टरच्या ऑफिसला लेखी कळवा, पोच घ्या.

आमची लिफ्ट १९९६ ची, मायक्रोप्रोसेसरची. तिला ड्रॉइंगची काय गरज, सगळं तर चिपमध्ये असतं ना?
— खजिनदार, वाशी

असतं, म्हणूनच जास्त गरज. चिपवर स्टिकर असतं, त्याच्यावर प्रोग्रॅमचं व्हर्जन लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. स्टिकर खरवडू नका, त्याच्याखाली काचेची खिडकी असते आणि उजेडाने, म्हणजे त्यातल्या अल्ट्राव्हायोलेटने, आतला प्रोग्रॅम पुसला जाऊ शकतो. ड्राईव्ह (मोटरचा स्पीड सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असेल तर सेटिंगचे सगळे आकडे आजच कागदावर उतरवून घ्या, तारीख टाकून. ड्राईव्ह उडाला की नवीन येतो, त्यात कारखान्यातली सेटिंग असतात, आणि मग मेकॅनिक अंदाजाने आकडे टाकत बसतो आणि तुम्ही आत उभे असता.

एआयला पॅनलचा फोटो पाठवला तर फॉल्ट सांगतो, माझा भाचा म्हणतो एकदम बरोबर सांगतो. वापरावं का?
— वाचक, कोल्हापूर

मीही करून बघितलं. रिले म्हणजे काय ते छान समजावलं, माझ्यापेक्षा छान. मग मी विचारलं कार गेट स्विच कुठल्या टर्मिनलवर आहे, तर बिनधास्त नंबर सांगितला. माझ्या पॅनलची शीट त्याने बघितलेलीच नव्हती, नंबर अर्थातच चुकीचा. शिकायला वापरा, टर्मिनलला हात लावायला नको.

एएमसी बदलताना आधीची कंपनी ड्रॉइंग देत नाही, म्हणते आमची प्रॉपर्टी आहे. काय करायचं?
— चेअरमन, डोंबिवली

भांडण आधी करायचं असतं, करार सही करताना. पुढच्या वेळी एएमसीत हे घाला: सर्किट डायग्राम, खुणांच्या यादीसकट, टर्मिनलची यादी, ब्रेकची मापं, गव्हर्नर किती स्पीडला ट्रिप होतो ते, दोरांचं सर्टिफिकेट, आणि काही कोड किंवा सर्व्हिस टूल लागत असेल तर त्याचं काय, हे सगळं सोसायटीच्या फाईलमध्ये एक प्रत राहील आणि केलेला प्रत्येक बदल त्या प्रतीवर सहीसह चढवला जाईल. शेवटचा हप्ता फाईल बघूनच द्यायचा. आत्ताच्या कंपनीला रजिस्टर पत्र पाठवा, कधी कधी नुसत्या पत्रानेच कपाट उघडतं.

फाईलमध्ये कुठला स्टँडर्ड लावला तेही लिहायला सांगा. जुन्या शीटवर आयएस (भारतीय मानक) १८६० दिसेल, नंतर २००० च्या सुमाराला आयएस १४६६५ ची मालिका आली, २०२२ ला आयएस १७९००. जुन्या लिफ्टवर नव्या स्टँडर्डची टेस्ट केली म्हणून कुणी प्रभावित करायला बघत असेल तर विचारा, की कुठली टेस्ट आणि मूळ मापं कुठून घेतली.

मशीनरूममध्ये निळ्या रंगाचं जुनं ड्रॉइंग सापडलंय, घड्यांवर फाटतंय, अक्षरं पुसट. लॅमिनेट करून पॅनलवर चिकटवू का?
— सेक्रेटरी, सातारा

नको हो, लॅमिनेशनची उष्णता त्या कागदाला सोसत नाही आणि एकदा बिघडलं की परत येत नाही. आधी सपाट करून मोठ्या स्कॅनरवर स्कॅन, आर्किटेक्टचं काम करणाऱ्या झेरॉक्सवाल्यांकडे असतो. खालच्या कोपऱ्यातली चौकट स्कॅनमध्ये नीट येते का तेवढं उभं राहून बघा, तिथलीच अक्षरं सगळ्यात आधी जातात. प्रिंटची एक प्रत पॅनलपाशी, एक सोसायटीच्या फाईलला, ओरिजिनल न दुमडता गुंडाळी करून खाली ऑफिसमध्ये, उंदीर आणि वाळवी दोन्हीपासून लांब.